कॉम्रेड्सच्या डाऊन रनला निघालाय? आधी उतरायला शिका

कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली अल्ट्रामॅरेथॉन, आणि डाऊन रन हे नाव ऐकून मी पण खूश झालो होतो. पीटरमॅरिट्झबर्गहून निघायचं आणि डर्बनला समुद्रापाशी संपवायचं, ८७.७ किमी, हातात बारा तास, म्हणजे उतारच उतार, डर्बनहून उलट चढत जाणाऱ्या अप रनवाल्यांपेक्षा आपलं बरं. २०२३ ला ह्याच भ्रमात गेलो. पात्रतेची रेस, व्हिसा, एनर्जी जेल वगैरे तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

माझी चूक सांगतो. दर रविवारी सिंहगडचा घाट पळत चढायचो, वर मडक्यातलं दही खायचो आणि खाली यायला सरळ जीप. का, तर कोच म्हणालेले उतारावर गुडघे जातात, तू फक्त चढ मार. (सगळ्यांना एकच प्लॅन फॉरवर्ड करणाऱ्या कोचबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.)

आता हे नीट वाचा. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, प्रत्येक पावलाला, आणि ह्या ब्रेकनेच स्नायूचे धागे बारीक बारीक तुटतात. दम लागत नाही म्हणून कळत पण नाही. पहाटे साडेपाचला स्पीकरवर कोंबडा आरवला, रेसची बंदूक झाली, पॉली शॉर्ट्सची टेकडी मी उड्या मारत उतरलो, पुढच्या इंचांगा टेकडीपर्यंत घड्याळ बघून मनात लाडू फुटत होते. मग क्लूफ गावानंतर फील्ड्स हिल, सलग तीनेक किमी उतार, आणि तिथे मांड्या संपल्या. दुखल्या नाहीत हो, संपल्या. गुडघा वाकवला की पाय खालीच बसायचा. रेलिंग धरून आजोबा जिना उतरतात तसा आडवा आडवा पाइनटाउनला आलो, अजून वीस किमी बाकी. पुढे काउइज हिलचा चढ आला तेव्हा देवाशप्पथ बरं वाटलं.

ग्रुपमधल्या एका सीनियरने खिशात पेनकिलर दिलेली, "लागली तर घे." नाही घेतली. तुम्ही पण घेऊ नका, इतके तास पळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीवर येतात. शॉर्टकट सांगणारे नंतर हॉस्पिटलात सोबत येत नाहीत.

घाबरू नका पण. ह्यावर उपाय आहे आणि फुकट आहे, गड पायी उतरा. आधी हळू, छोटी पावलं, पंधरा दिवसांनी एकदा लांब उतार, शेवटचा मोठा उतार रेसच्या तीनेक आठवडे आधी. पहिल्या वेळी चार दिवस संडासात बसता येणार नाही, दुसऱ्या वेळी निम्मंच दुखेल, स्नायू शिकतो. मला जमलं म्हणजे कुणालाही जमेल, मी शाळेत पीटीच्या तासाला पोटदुखी काढणारा मुलगा.

शेवटी बारा तासांची 'बस' मागून आली, म्हणजे झेंडा घेतलेला एक पेसर आणि त्याच्यामागे शे-दीडशे माणसं, तो ओरडेल तेव्हा पळायचं, ओरडेल तेव्हा चालायचं. तिच्यात घुसलो. डर्बनच्या किंग्समीड स्टेडियमच्या गवतावर शेवटची रेषा, ११ तास ५१ मिनिटं. तिथेच बसून राहिलो, उठता येत नव्हतं. बारा तासांची बंदूक मारणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, कोण किती जवळ आलंय हे त्याने बघायचंच नाही. बंदूक झाली तेव्हा एक बाई रेषेपासून आठ-दहा पावलांवर होत्या. सकाळपासून तेवढंच पळालेल्या, माझ्याएवढंच. त्यांना मेडल नाही. माझे नऊ मिनिटं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, घरी अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

मेडल दहाच्या नाण्याएवढं असतं. ऑफिसात एकाने उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "कितवा आलास?"

म्हटलं, वेळेत आलो.