मध्ययुगीन युरोप समजून घ्यायचाय? मग एका गावाच्या कोर्ट रोलपासून सुरुवात करा

मध्ययुगीन युरोप म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तो त्रिकोण येतो, वर राजा, मग सरदार, मग नाइट, तळाला शेतकरी आणि बाजूला कुठेतरी चर्च. परीक्षेपुरतं ठीक आहे पण त्यात माणसं दिसतच नाहीत. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे अशी जी तीन वर्गांची मांडणी सगळीकडे सांगतात ती 11व्या शतकात फ्रान्समधल्या लाँचा बिशप अडालबेरो याच्यासारख्यांनी केलेली, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांनीच केलेली, आणि त्यात व्यापाऱ्यांना जागाच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात वरून करू नका, एक गाव धरा आणि त्या गावाच्या जमीनदाराच्या कोर्टाचं दप्तर, म्हणजेच कोर्ट रोल, वाचायला घ्या. समाज, पैसा आणि धर्म हे तिन्ही विषय तिथे एकाच पानावर भेटतात.

यासाठी इंग्लंड सगळ्यात सोयीचं, कारण तिथले मॅनर कोर्टाचे रोल 1240च्या दशकापासून टिकून आहेत. मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर, आणि तिचं कोर्ट ठराविक काळाने भरायचं, तिथे वारसा, भांडणं, दंड, शेताच्या बांधावरून तक्रारी सगळं चालायचं आणि कारकून ते लॅटिनमध्ये चामड्याच्या पट्ट्यांवर लिहून ठेवायचा. लॅटिन येत नसेल तरी अडत नाही. यॉर्कशरमधल्या वेकफिल्डचे रोल 1274पासूनचे आहेत, ते इंग्रजी भाषांतरासकट छापलेत आणि जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. फक्त एक लक्षात ठेवा, वेकफिल्डची जहागीर अवाढव्य होती, बरीच गावं त्यात यायची, तेव्हा त्यातलं एकच गाव निवडा आणि त्याच्याच नोंदी वेगळ्या काढत जा, नाहीतर आठवड्याभरात नावांच्या गर्दीत हरवून जाल.

पहिली अडचण येते तारखेची. रोलमध्ये आपल्यासारखी तारीख नसते, संताचा सण आणि राजाचं कितवं वर्ष एवढंच असतं. समजा लिहिलंय की संत मायकेलच्या सणानंतरचा गुरुवार, राजा एडवर्डचं 10वं वर्ष. पहिल्या एडवर्डची वर्षं 20 नोव्हेंबर 1272पासून मोजतात, म्हणजे 10वं वर्ष 20 नोव्हेंबर 1281 ते 19 नोव्हेंबर 1282. संत मायकेलचा सण 29 सप्टेंबरला, तो 1282 साली मंगळवारी आला होता, म्हणजे कोर्ट भरलं गुरुवारी 1 ऑक्टोबर 1282ला. हा हिशोब एकदा हाताने करून बघाच, कारण तेव्हाच कळतं की शेतकऱ्याचं वर्ष आणि चर्चचं वर्ष वेगळं नव्हतंच, जमाखर्चाचं वर्षसुद्धा मायकेलच्या सणापासून मायकेलच्या सणापर्यंत चालायचं, पीक घरात आल्यावर. आणि इंग्लंडमध्ये तेव्हा नवीन वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे कागदावर फेब्रुवारी 1348 दिसलं तर आपल्या हिशोबाने ते 1349 असतं. प्लेगच्या काळातल्या नोंदी वाचताना हे विसरलात तर सगळा क्रम उलटापालटा होतो.

मग पैसे. 12 पेनी म्हणजे 1 शिलिंग, 20 शिलिंग म्हणजे 1 पाउंड, म्हणजे पाउंडाला 240 पेनी. पण 13व्या शतकात माणसाच्या थैलीत असायची ती चांदीची पेनीच, शिलिंग आणि पाउंड फक्त हिशोबाच्या वहीत. सुट्टे हवे असतील तर पेनीचे कात्रीने दोन किंवा चार तुकडे करायचे, 1279च्या नाणेबदलानंतर अर्ध्या आणि पाव पेनीची गोल नाणी नीट चालू झाली. तुम्हाला पुन्हापुन्हा 6 शिलिंग 8 पेनी, 3 शिलिंग 4 पेनी असे विचित्र आकडे दिसतील, ते विचित्र नाहीत, मार्क नावाचं आणखी एक हिशोबाचं माप होतं 160 पेनीचं, त्याचा हा अर्धा आणि पाव भाग. आणि कृपा करून या रकमांचं आजच्या रुपयात रूपांतर करत बसू नका, त्याने काहीच कळत नाही. मजुरीशी तुलना करा. 1351च्या कायद्याने गवत वाळवायच्या कामाला दिवसाला 1 पेनी आणि गवत कापणाऱ्याला 5 पेनी अशी मर्यादा घातली होती, या मापाने दंड मोजला की तो किती दिवसांच्या घामाचा आहे ते लगेच कळतं.

आता प्रत्यक्ष नोंदी. तीन प्रकारच्या नोंदींना खूण करत जा. पहिली मर्चेट, म्हणजे जमीनदाराला बांधील शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी जमीनदाराला द्यायची रक्कम. ही दिसली की समजायचं की हे कुटुंब बांधील आहे, स्वतंत्र नाही, आणि रक्कम मोठी असेल तर बहुतेक घर खाऊनपिऊन बरं आहे. दुसरी हेरियट, शेतकरी वारला की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराचं. इथे थांबून विचार करा, कारण रोलमध्ये अर्धीच गोष्ट आहे. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या नंबरचं जनावर चर्चकडे जायचं, मेलेल्याने आयुष्यात दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा भाग, बुडवला असेल त्याची भरपाई म्हणून, पण ते जमीनदाराच्या दप्तरात येणार नाही कारण तो त्याचा मामलाच नाही. म्हणजे एका घरात कर्ता माणूस गेला की त्याच आठवड्यात गोठ्यातली दोन चांगली जनावरं गेली, आणि विधवेला जमीन आपल्या नावावर करून घ्यायला वर पैसे भरायचेच.

तिसरी नोंद बिअरची. दर कोर्टात त्याच त्याच बायकांना बिअर गाळताना नियम मोडला म्हणून 2 पेनी, 3 पेनी, 6 पेनी दंड. त्या सराईत गुन्हेगार होत्या असं समजू नका. इतका नियमित दंड म्हणजे व्यवहारात धंद्याचा परवानाच होता. या नावांची वेगळी यादी करा, कारण नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावामागे लपलेल्या बायका इथे स्वतःच्या कमाईसकट दिसतात आणि गावात रोख पैसा कुणाकडे खेळत होता तेही कळतं.

शेतीचा हिशोब कागदावर मांडून बघा. गव्हाचं एक माप पेरलं की साधारण तीन ते चार मापं यायची, बस. चांगलं धरून चार घेऊ. 10 मापं पेरली, 40 आली. चर्चचा दशांश एकूण पिकावर, म्हणजे 4 गेली. पुढच्या पेरणीला 10 बाजूला. उरली 26, त्यातून जमीनदाराचा खंड आणि त्याच्याच गिरणीत दळायची सक्ती म्हणून तिथला वाटा. आता पीक निम्मं आलं असं धरा आणि परत मांडा, 20 आली, 2 दशांश, 10 बियाणं, उरली फक्त 8. 1315 ते 1317 सलग पावसाने पिकं गेली तेव्हा काय झालं असेल ते या एका हिशोबात दिसतं, आणि म्हणून त्या वर्षांच्या रोलमध्ये एकर अर्धा एकराचे तुकडे विकल्याच्या नोंदी शोधा, कोण विकतंय आणि कोण घेतंय दोन्ही लिहून ठेवा.

गिरणीचा विषय छोटा वाटतो पण सोडू नका. इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्सच्या मठाने लोकांना घरी दळायची बंदी केली होती, मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्डने घरातली दळायची दगडी जाती जप्त करून आणली आणि त्या दगडांची मठात फरशी घातली. पन्नास वर्षांनी, 1381च्या शेतकऱ्यांच्या बंडात, लोक आत शिरले, ती फरशी उखडली, दगड फोडले आणि तुकडे आपसात वाटून घेतले, जशी रविवारी चर्चमध्ये पवित्र भाकर मोडून वाटतात तशी. हे त्याच मठातल्या इतिहासकाराने, थॉमस वॉल्सिंगहॅमने लिहून ठेवलंय. मठावर चिडलेले लोक रागसुद्धा चर्चच्याच विधीतून व्यक्त करतायत, मला तरी धर्म आणि पोट यांचं नातं याहून स्पष्ट कुठे दिसलेलं नाही. त्याच बंडात ठिकठिकाणी कोर्टाचे रोल जाळले गेले, कारण कोण बांधील ते त्यातच लिहिलेलं होतं. तुमच्या गावाचे 1381च्या आधीचे रोल गायब असतील तर हे कारण आधी तपासा.

कोर्ट रोलमध्ये एक गोष्ट मिळणार नाही, ती म्हणजे लोक मनातून काय मानत होते. 1215च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या पाद्र्याकडे पापांची कबुली द्यायची आणि ईस्टरला प्रसाद घ्यायचा असा नियम केला, पण नियमावरून श्रद्धा कळत नाही. त्यासाठी दक्षिण फ्रान्सला जा. पामिएचा बिशप जाक फुर्निए, जो पुढे पोप बेनेडिक्ट 12वा झाला, त्याने 1318 ते 1325 पाखंडाच्या संशयावरून लोकांची चौकशी केली, त्यात माँतायू या डोंगरातल्या गावचे लोक मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या जबान्या टिकल्यात. वाचताना सावध राहा, माणसं बोलली तिथल्या ऑक्सितान भाषेत, लिहिलं गेलं लॅटिनमध्ये, आणि समोर तुरुंगाची भीती. म्हणून प्रत्येक जबानीसाठी पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे बिशपने काय विचारलं आणि उजवीकडे न विचारता काय सांगितलं गेलं. डावी बाजू बिशपच्या डोक्यातली आहे. उजवीकडे चुलीपाशी कोण बसलं होतं, मेंढ्या कुठल्या खिंडीतून नेल्या, कोण कुणाच्या डोक्यातल्या उवा काढत गप्पा मारत होतं हे सगळं येतं, आणि घर, नाती, कामं यावर काही लिहायचं असेल तर आधी त्याच बाजूवर विसंबा.