गुरूचे चंद्र दिसेनात, आणि दोष गच्चीचा निघाला

यावल तालुक्यात आमचं घर, वर सिमेंटची गच्ची. ११४ मिमी आरशाची दुर्बीण मी तिथेच लावायचो. गुरू उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखा थरथरायचा. त्याला लगटून असलेला आयो हा चंद्र तर दिसायचाच नाही. महिनाभर मी आरशालाच दोष देत होतो.

मार्चमध्ये एकदा रात्री नऊला अनवाणी वर गेलो आणि तळपाय चांगलेच शेकले. तेव्हा उलगडलं! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, वरची हवा हलत राहते, तीच दुर्बिणीतून नव्वद पट मोठी होऊन दिसते.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण केळीच्या बागेलगत, पाणी दिलेल्या मातीवर नेली. तासभर आधीच बाहेर ठेवली, म्हणजे नळी आणि आरसा निवतात. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) उजेडातच लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवला. (हे रात्री करू नका, फार वेळ जातो.) आधी २५ मिमीची आयपीस (डोळ्याकडचं भिंग), गुरू मधोमध आला की जास्त मोठं दाखवणारी १० मिमीची.

चारही मोठे चंद्र, ठिपक्यांसारखे, जवळपास एका ओळीत! गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले हेच. आयोची फेरी साधारण साडेबेचाळीस तासांची, त्यामुळे दोन तासांत तो सरकलेला कळतो.

बाबांना दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा वाकून बघत ते म्हणाले, "मघाशी हा जवळ होता ना रे?"