काबुली चण्यांची भुर्जी कोरडी आणि भुसभुशीत होत असेल तर

अंडं-पनीर न वापरता काबुली चण्यांची भुर्जी करताना ती घशाला कोरडी लागते, ही नेहमीची तक्रार. बहुतेक जण मग तेल वाढवतात. त्याने भुर्जी फक्त तेलकट होते, कारण चण्यांना कमी पडतं ते पाणी.

चणे 8 ते 10 तास भिजवून, दोन बोटांत सहज चेपतील इतके मऊ शिजवा. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, सगळी गंमत त्यातच आहे. दोन वाट्या चणे गरम असतानाच कुस्करा. गार झाल्यावर ते घट्ट होतात आणि त्यांचा भुगा पडतो. निम्मे पूर्ण ठेचा, निम्मे अर्धवट ठेवा. सगळेच ठेचले तर लगदा होतो.

दोन मोठे चमचे बेसन, पाव चमचा हळद आणि पाऊण वाटी चण्यांचं पाणी गुठळ्या न ठेवता फेटा. कांदा-मिरची परतून चणे घाला, मध्यम आचेवर तीन मिनिटं न हलवता खालून खरपूस होऊ द्या. मग हे मिश्रण ओतून चार-पाच मिनिटं परता. बेसनाचा कच्चा वास जायलाच हवा, इथे घाई नको.

टोमॅटो घालायचा तर बिया काढून, शेवटी. अंड्यासारखा वास हवा असेल तर काळं मीठ गॅस बंद केल्यावर भुरभुरा, आचेवर तो वास उडून जातो.