गड्ड्याला पहिल्यांदाच जाताय? आधी संक्रांत पाहा

सोलापूर विद्यापीठात बाहेरगावाहून आलेली पोरं दरवर्षी एकच चूक करतात: गेल्या वर्षीच्या तारखा पाहून सिद्धेश्वर यात्रेला, म्हणजेच गड्ड्याला निघतात. इथे तारीख नव्हे, संक्रांत धरायची. ती कधी १४ला असते, कधी १५ला. भोगीला अक्षता (लग्नसोहळा), त्याच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन, संक्रांतीला होमप्रदीपन, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम आणि दुसऱ्या दिवशी कप्पडकळ्ळी (नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी), असा क्रम असतो.

यण्णी म्हणजे कानडीत तेल. त्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. हिरेहब्बू वाड्यातून सकाळी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि शहरभर फिरतात. सगळी मिरवणूक पायी पाहायचा हट्ट धरू नका. एखादं वळण गाठून थांबा, कारण खरं कसब तिथेच दिसतं. उंच काठी एकच माणूस कमरेवर पेलतो, तोल जाऊ नये म्हणून बाकीचे सावध असतात. बाराबंदीतल्या (पारंपरिक पांढऱ्या पोशाखातल्या) त्या मंडळींच्या पुढ्यात मोबाईल घेऊन उलटं चालू नका. काठी एकदा कलली की सावरायला त्यांना मोकळी जागा लागते.

एकच दिवस हाताशी असेल तर अक्षतेचा निवडा. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे सोलापूरच्या ग्रामदैवत सिद्धेश्वरांशी, लग्न करायचं होतं, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. नंदीध्वज त्या योगदंडाचं प्रतीक आहेत. सोहळा दुपारी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर होतो. नंदीध्वज आल्यावर जागा शोधाल तर नुसती डोकी दिसतील, म्हणून दोनेक तास आधी जा. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, जानेवारी असला तरी सोलापूरचं ऊन ते ऊनच. गाडी लांब लावा, आतले रस्ते बंद असतात. मूठभर अक्षता घरूनच न्या, पण संमतीचं (या लग्नात म्हणायच्या मंगल वचनांचं) वाचन सुरू झालं म्हणून लगेच उधळू नका. ‘सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्’ कानावर पडलं की टाका. नवखे आधीच मूठ रिकामी करून बसतात.

होमप्रदीपनानंतर रात्री उशिरा भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत, होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरं मांडतात. वासरू मुतलं तर पाऊसपाणी चांगलं, असा अर्थ लावतात. बाजारातली मंडळी यावर हसतात, पण निकाल काय लागला ते सकाळी विचारतातच.

पाळणे आणि खाऊची दुकानं होम मैदानावर पुढेही बरेच दिवस असतात. त्यासाठी गर्दीचा दिवस वाया घालवू नका.