वर्किंग हॉलिडेवर ऑस्ट्रेलियाला जायचंय आणि हातात ट्रेड आहे, तर आधी लायसन्सचं बघा

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, वेल्डर, एसी मेकॅनिक, अशा सगळ्यांसाठी लिहितोय. २०२४ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळायला लागलाय, सबक्लास ४६२, म्हणजे वर्षभर तिथे राहून फिरता फिरता काम करायचा व्हिसा. वर्षाला फक्त १००० जागा, आणि त्यासुद्धा बॅलटने, म्हणजे सोडत. नाव नोंदवायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. सोडत कॉम्प्युटर काढतो, त्यामुळे कुणी एजंट "तुमचं नाव नक्की लावून देतो" म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका, त्याच्या हातात काहीच नसतं. वय १८ ते ३०, कामापुरतं इंग्लिश येतं याचा पुरावा, खात्यात साधारण ५००० डॉलर आणि वर तिकिटाचे पैसे. शिक्षणाची अट मात्र नीट वाचा, शाळेनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं, त्यामुळे दहावीनंतर आयटीआय केलेल्यांनी आपला कोर्स त्यात धरतात का हे होम अफेअर्सच्या (व्हिसा देणारं तिथलं सरकारी खातं) साईटवर बघूनच पुढे जा. नाव निघालं की अर्जाला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून पासपोर्ट, सर्टिफिकेटं, पोलीस क्लिअरन्स हे सगळं आधीच गोळा करून ठेवा.

आता खरा मुद्दा. व्हिसा मिळाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली, तुमच्या ट्रेडचं काम करायची नाही. तिथे इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचं लायसन्स प्रत्येक राज्य वेगळं देतं आणि आपल्याकडचं वायरमन लायसन्स तिथे चालत नाही, मग तुमचा पंधरा वर्षांचा अनुभव असो. लायसन्स नसताना साधं सॉकेट बदललं तरी तो गुन्हा आहे, स्वतःच्या घरात केलं तरी. रस्ता असा आहे, आधी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेच्या पद्धतीने स्किल्स असेसमेंट, म्हणजे कौशल्याची तपासणी, ते पास झालं की लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली काम करायची परवानगी, सोबत तिथल्या नियमांचं गॅप ट्रेनिंग, आणि मग पूर्ण लायसन्स. यात वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर जातं. माझं स्पष्ट मत, एकच वर्ष राहणार असाल तर पूर्ण लायसन्सच्या मागे लागू नका, ट्रेड असिस्टंट म्हणून लायसन्सवाल्याच्या हाताखाली लागा, काम बघायला मिळतं, पगार ठीक असतो. पण पुढे तिथेच राहायचा विचार असेल तर असेसमेंट इथूनच सुरू करा, कारण जुन्या मालकांकडून कागद मिळवणं इथे असतानाच जमतं, तिकडून फोन करून कोणी दाद देत नाही.

एसीवाल्यांना गॅसला हात लावायचा तर रेफ्रिजरंट हँडलिंगचं लायसन्स लागतं, त्याला तिकडे आर्कटिक म्हणतात. सुतार, टाइल्सवाले, पेंटर यांचं बरंच सोपं आहे, दुसऱ्याकडे पगारावर असाल तर बहुतेक ठिकाणी लगेच सुरू करता येतं, पण स्वतः ठेका घ्यायचा तर मर्यादा आहेत, क्वीन्सलंडमध्ये ३३०० डॉलरच्या वरच्या बांधकामाला आणि न्यू साउथ वेल्समध्ये ५००० च्या वर लायसन्स लागतं. वेल्डर असाल तर सर्टिफिकेट न्या, पण मालक तुमच्याकडून टेस्ट पीस करून घेणारच, त्याची तयारी ठेवा.

अनुभवाचं पत्र कसं घ्यायचं ते सांगतो, कारण "यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले" असल्या पत्राचा काडीचा उपयोग नाही. लेटरहेडवर हवं, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकी कोणती कामं केली (पॅनल वायरिंग, थ्री फेज मोटर, काँड्युट, जे असेल ते), कोणती हत्यारं वापरली, आणि सही करणाऱ्याचा चालू फोन नंबर. सोबत पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. काम करतानाचे स्वतःचे फोटो पण ठेवा, असेसमेंटला आणि नोकरी शोधताना दोन्हीकडे कामी येतात.

हत्यारं किती न्यायची हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, ५० हर्ट्झ, पण प्लग वेगळा आणि साईटवर वायरवाल्या हत्यारांना ठराविक मुदतीचा टेस्ट अँड टॅग (विजेची तपासणी करून लावलेलं लेबल) लागतो, बांधकामावर साधारण दर तीन महिन्यांनी, त्यामुळे ग्राइंडर, ड्रिल घरीच ठेवा आणि तिकडे बॅटरीवालं घ्या. पक्कड, टेस्टर, लेव्हल, छिन्नी असली हाताची हत्यारं चेक-इन बॅगेत न्या. बूट आणि हत्यारं घासून धुवून न्या, एअरपोर्टवर माती आणि लाकडी वस्तूंबद्दल फार कडक असतात, लाकडी दांडा असेल तर फॉर्मवर लिहा.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात बँक खातं, टॅक्स फाईल नंबर (आपल्या पॅनसारखा, फुकट असतो, पैसे मागणाऱ्या साईटवर जाऊ नका) आणि व्हाइट कार्ड, म्हणजे बांधकामावरच्या सुरक्षेच्या कोर्सचं कार्ड. व्हाइट कार्डाशिवाय बांधकामाच्या गेटच्या आत घेत नाहीत, एका दिवसाचा कोर्स असतो आणि त्यासाठी यूएसआय, म्हणजे कोर्स करणाऱ्याचा ओळख नंबर, आधी काढावा लागतो. डिसेंबरच्या शेवटी जाऊ नका, ख्रिसमस ते जानेवारीचा मध्य बांधकाम बंद असतं, नुसते पैसे खर्च होत राहतात. आणि मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, आपल्याला लागू नाही, इन्शुरन्स काढूनच निघा, ट्रेडवाल्याने याच्यात काटकसर करायची नसते.

पगाराचं. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल, म्हणजे पक्की नोकरी नसलेले, असाल तर त्यावर २५ टक्के जास्त, आणि ट्रेडवाल्याला अवॉर्डप्रमाणे (त्या त्या धंद्याचे कायद्याने ठरलेले दर) यापेक्षा वर मिळतं. कोणी म्हणालं "एबीएन काढ, इन्व्हॉइस दे", म्हणजे स्वतःच्या धंद्याचा नंबर काढून ठेकेदार म्हणून बिल दे, आणि काम मात्र त्याच्या वेळेत, त्याच्या हत्यारांनी, त्याच्या हुकमाने करायचं, तर तुमच्या सुपरचे (मालकाने भरायचा निवृत्ती फंड, आपल्या पीएफसारखा) आणि विम्याचे पैसे तो स्वतःसाठी वाचवतोय, नाही म्हणा. पैसे बुडवले तर फेअर वर्क ऑम्बड्समनकडे (कामगारांच्या हक्कांचं सरकारी कार्यालय) तक्रार करता येते, व्हिसावाल्यांनाही. मालक असे व्हिसावाले कामाला ठेवणारा म्हणून टॅक्स खात्याकडे रजिस्टर्ड असेल तर पहिल्या ४५००० डॉलरपर्यंत १५ टक्के टॅक्स, अगदी पहिल्या डॉलरपासून, हिशोब करताना हे धरा.

एका मालकाकडे सहसा सहा महिनेच काम करता येतं, काही अपवाद आहेत. दुसरं वर्ष हवं असेल तर रीजनल भागात (मोठ्या शहरांबाहेरच्या, सरकारी यादीतल्या) तीन महिने ठरावीक काम करावं लागतं आणि बांधकाम त्यात धरतात, ही ट्रेडवाल्यांसाठी मोठी गोष्ट आहे, शेतात फळं तोडायला जायची गरज नाही. फक्त साईटचा पोस्टकोड यादीत आहे का ते नोकरी घ्यायच्या आधी बघा आणि प्रत्येक पे-स्लिप जपून ठेवा.

देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर सुपरचे पैसे मागता येतात, ६५ टक्के टॅक्स कापतात म्हणून बरेच लोक सोडून देतात, पण उरलेले तुमचेच आहेत. फंडाचं नाव आणि मेंबर नंबर निघायच्या आधी लिहून घ्या, तिकडचं सिम बंद झालं की ओटीपी येत नाही.