स्काऊटचं पथक गळ्यात पडलंय? आधी ती तयार फाईल परत करा

विदर्भात जूनअखेर शाळा उघडतात आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापक म्हणतात, "सर, यंदा स्काऊट तुमच्याकडे." नागपुरातल्या बहुतेक स्काऊट मास्तरांची भरती अशीच होते. गणवेश, स्कार्फ, डाव्या हाताचं हस्तांदोलन, प्रार्थना आणि झेंडागीत तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितो.

लगेचच कोणीतरी जुने सहकारी एक जाडजूड फाईल आणून देतात. तयार लॉगबुक, म्हणजे पोराने केलेल्या कामाची नोंदवही. गाठींची चित्रं चिकटवलेली, प्रथमोपचाराची प्रश्नोत्तरं लिहिलेली, न गेलेल्या हाईकचा, म्हणजे पायी सहलीचा अहवालसुद्धा आत. "पोरांकडून उतरवून घ्या, तारखा मागून टाकू." मलाही मिळाली होती, आणि देणारे सर मनाने वाईट नव्हते. तरी घेऊ नका. का ते जरा लांबवून सांगतो, कारण आमचं पथक इथेच अडकलं.

आधी तारखा. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही शिडी आहे आणि प्रत्येक पायरीवर ठरावीक काळ काम करावंच लागतं. वरून वयाची अट. पथकाची नोंदणीही दरवर्षी नव्याने करायची असते. मागून तारखा टाकायला बसलं की दीक्षाविधी (पोराने स्काऊटचं वचन घेण्याचा कार्यक्रम) नोंदणीच्या पावतीआधीचा निघतो, हाईक नेमकी घटक चाचणीच्या दिवशी पडते, दोन सोपानांमधलं अंतर कमी भरतं. तपासणाऱ्याला हे शोधावं लागत नाही, दिसतंच. अर्ज परत येतो तेव्हा मुलगा नववीत असतो आणि नव्याने सुरुवात करायला वेळ उरलेला नसतो. मग आईवडील विचारतात, "सर, दहावीच्या वाढीव गुणांचं काय?" यावर काय बोलणार बाप्पा!

दुसरं, चाचणी शिबिरात वही बघून भागत नाही. परीक्षक दोर हातात देतो आणि म्हणतो, बोलाइन गाठ बांध, कुठे वापरशील ते सांग. ज्याने खरंच बांधलीय तो सांगतो की हा फास घट्ट होत नाही, म्हणून माणसाला वर ओढायला चालतो. ज्याने चित्र चिकटवलंय तो दोराकडे बघत राहतो. वर्गात धिटाईने बोलणारी पोरं अशी गप्प झालेली मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नव्हता.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. या फायली इतक्या वर्षांच्या असतात की त्यांतला प्रथमोपचार चुकीचा असतो. साप चावला तर वर घट्ट आवळा, चीर द्या, रक्त शोषून काढा, असं आजही उतरवलं जातं. हे तिन्ही करायचं नसतं. माणसाला हलू द्यायचं नाही, चावलेला भाग फळीने स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं काढायचं, १०८ ला फोन करायचा आणि मेडिकल किंवा मेयो हे सरकारी दवाखाने गाठायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष दवाखान्यातच असतं. आपली पोरं रामटेकच्या, पेंचच्या बाजूला जातात. खोट्या लॉगबुकची किंमत तिथे मोजावी लागू शकते.

असो. इतकं घाबरायचंही कारण नाही, काम जमण्यासारखं आहे. अभ्यासक्रमासाठी एपीआरओ हे नियमपुस्तक घ्या, स्काऊटसाठी भाग २, गाईडसाठी, म्हणजे मुलींसाठी भाग ३. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ जुनी असू शकते, म्हणून स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चालू अभ्यासक्रम विचारा. स्काऊट मास्तरांचा सात दिवसांचा निवासी बेसिक कोर्स पहिल्याच वर्षी करून टाका, दिवाळीची सुट्टी गेली तरी चालेल. तिथे तुम्ही स्वतः संघात, म्हणजे पोरांसारखंच छोट्या गटात राहता, चूल पेटवता, तंबू ठोकता, आणि पोरांना काय जड जातं ते तेव्हाच कळतं. हिमालय वूड बॅज या मास्तरांच्या वरच्या प्रशिक्षणाची घाई नको. आपल्याला पचमढीचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र छिंदवाड्यावरून जवळच आहे, जाणं होईलच.

गुरू निवडताना माझा एक हट्ट आहे: ज्याच्या पथकात संघनायक (गटाचं नेतृत्व करणारी पोरं) बोलतात आणि मास्तर मागे उभा असतो, त्याला धरा. २६ जानेवारीच्या संचलनात पहिला नंबर काढणारा गुरू असेलच असं नाही. सहा ते आठ पोरांचा संघ आणि त्यांनीच चालवलेलं काम, एवढंच स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचं खरं तंत्र. बाकी सजावट.

नागपुरात मदत भरपूर आहे, मागायला आपण लाजतो. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय याच शहरात आहे. लेखी विनंती करून पाहा, नाहीतर जवळच्या अग्निशमन केंद्रात विचारा. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे दोघांचेही विभाग इथे आहेत, त्यांचे रोव्हर (स्काऊटमधले मोठे तरुण) दोरकामात तरबेज असतात. आकाशदर्शनाआधी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक चक्कर मारा. नकाशावाचन शहरातल्या झिरो माईल या सर्वेक्षणाच्या खांबापासून सुरू करा. तिथल्या जीटीएस (ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे) दगडावर १९०७ हे साल आहे, आणि इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरचं पहिलं स्काऊट शिबिरही त्याच वर्षीचं, त्यामुळे पोरं कान देतात. शहराचा बराच भाग भारतीय सर्वेक्षणाच्या ५५ ओ/४ या जुन्या क्रमांकाच्या नकाशात येतो.

काही गोष्टींत मात्र ऐकून घेणार नाही. अंबाझरी तलाव असो की फुटाळा, पाण्यात कोणी उतरायचं नाही. पालकांच्या सहीशिवाय कोणी बसमध्ये चढायचं नाही. जंगलात शेकोटी नाही. मुली असतील तर सोबत गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींचं पथक सांभाळणारी शिक्षिका हवीच, "मॅडम नंतर येतील" चालणार नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस तर सोडाच, एप्रिलमध्येही सकाळी नऊनंतर मैदानावर कवायत कशाला?

पैशाची अडचण 'खरी कमाई'तून, म्हणजे पोरांनी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशातून सुटते. शाळेच्या गेटशी पोरांनी लावलेला तर्री-पोह्यांचा ठेला बरा चालतो. त्यातून पहिली खरेदी दोराची करा. इतवारी बाजारात सुताचा घ्या, प्रत्येकाला दीड-दोन मीटरचा तुकडा. नायलॉन स्वस्त पडतो, पण त्यावर गाठ सरकते आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय. टोकं दोऱ्याने आधी बांधून घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत अर्धा दोर उसवलेला असतो.