पुण्यात बाहेरून गाडी घेऊन येताय? आधी पूल ठरवा, मग रस्ता

नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, कुठूनही पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन पुण्यात येणाऱ्या माणसाची तक्रार ठरलेली असते, की मॅपवर तर अगदी शेजारी दिसत होतं, मग पोचायला एवढा वेळ का लागला. कारण साधं आहे. हे शहर टेकड्यांनी आणि नद्यांनी कापलेलं आहे. मधेच वेताळ टेकडी आणि तिला लागून हनुमान टेकडी, दक्षिणेला पर्वती, तळजाई आणि त्यामागे कात्रजचे डोंगर, खडकवासल्याकडून येणारी मुठा थेट शहराच्या मधून जाते, मुळा वायव्येकडून येते आणि संगमाला दोघी भेटतात. टेकडीच्या आरपार गाडी जात नाही, नदी पुलावरूनच ओलांडावी लागते. त्यामुळे पुण्यात आधी कुठला पूल आणि टेकडीची कुठली बाजू हे ठरवायचं, रस्ता त्यानंतर. एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आदल्या रात्री दहा मिनिटं मॅप घेऊन बसा

नेव्हिगेशन लावायचं नाही, नुसता मॅप उघडायचा, थोडा लांबून बघायचा, आणि जिथे राहणार ते ठिकाण आणि जिथे जिथे जायचंय ती ठिकाणं नदीच्या कुठल्या बाजूला आहेत हे बघायचं. मग मधला पूल शोधायचा. कर्वेनगरकडून सिंहगड रोडला जायचं तर राजाराम पूल, एरंडवण्यातून नवी पेठ-दत्तवाडीकडे म्हात्रे पूल, डेक्कनवरून अलका चौकात लकडी पूल, बालगंधर्वपासून पेठेत शिरायचं तर यशवंतराव चव्हाण पूल, शिवाजीनगरहून शनिवारवाड्याला शिवाजी पूल, ज्याला सगळे नवा पूल म्हणतात. झेड ब्रिज मॅपवर दिसेल पण तो दुचाकींचा, चारचाकी तिथे नाही.

टेकडीचं पण तसंच. कोथरूडहून पाषाणला जायचंय समजा. मॅपवर बोट ठेवलं तर दोन्ही शेजारी, पण मधे अख्खी वेताळ टेकडी उभी आहे, त्यामुळे एकतर चांदणी चौकातून वळसा घालायचा नाहीतर लॉ कॉलेज रोडने येऊन सेनापती बापट रोड धरायचा. बालभारती ते पौड फाटा असा टेकडीच्या कडेने रस्ता करायचा विषय कित्येक वर्षं चालू आहे आणि टेकडीप्रेमी लोक तितकीच वर्षं विरोध करतायत. मला विचाराल तर वळसा पडला तरी चालेल पण टेकडी राहू दे, पहाटे तिथे मोर ओरडतात आणि अख्ख्या शहराला तिथून हवा मिळते.

शहरात कुठून शिरायचं

मुंबईहून एक्सप्रेसवेने आलात तर किवळ्याला तो संपतो आणि पुढे बंगळुरू हायवेचा बायपास लागतो. हा बायपास शहराच्या पश्चिमेच्या कडेकडेने जातो, वाकड, बालेवाडी, बाणेर, बावधन, चांदणी चौक, वारजे, नवले पूल असा. बरेच जण पुणे आलं म्हणून वाकडलाच आत घुसतात आणि मग औंधमार्गे सगळं शहर तुडवत कोथरूडला जातात. तसं करू नका. बायपासवरच राहा आणि तुमच्या भागाच्या सगळ्यात जवळचा फाटा धरा. कोथरूड, कर्वेनगर असेल तर चांदणी चौक किंवा वारजे, सिंहगड रोड असेल तर नवले पूल. संध्याकाळी हिंजवडीची ऑफिसं सुटतात तेव्हा वाकड आणि भूमकर चौक दोन्ही तुंबतात, ती वेळ जमलं तर टाळाच.

हायवेवरून बाहेर पडायचं असेल तर सर्व्हिस रोडला बरंच आधी उतरावं लागतं. फाटा चुकला तर चुकू द्या, पुढच्या पुलाखालून यू टर्न मिळतोच. हायवेवर गाडी रिव्हर्स घेणारे लोक रोज दिसतात, कृपा करून त्यांच्यातले एक होऊ नका, मागून भरलेला कंटेनर येत असतो आणि त्याला ब्रेक लागायला किती अंतर लागतं याचा आपल्याला अंदाज नसतो.

चांदणी चौकाबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे. तिथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्फोट करून पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन उड्डाणपूल आणि रॅम्प सुरू झाले. आता तिथे मुळशी, बावधन, पाषाण, कोथरूड, मुंबई, सातारा अशा सगळ्या दिशांना वेगवेगळे रॅम्प आहेत, एकावर एक, एकाखालून एक. रॅम्प फुटतात तिथे नवीन माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. उपाय असा, की शेजारी बसलेल्या माणसाला कामाला लावा. तो फोन बघणार नाही, फक्त वरचे हिरवे-निळे बोर्ड मोठ्याने वाचणार, आणि तुम्ही वेग कमी ठेवून डावी लेन धरणार. फोनमधल्या बाईला तुम्ही वरच्या रॅम्पवर आहात का खालच्या, हे तिथे बऱ्याचदा कळत नाही, बोर्ड मात्र बरोबर सांगतो.

हेच शहरातल्या उड्डाणपुलांचं. पुलावर चढायचं का खालून जायचं हे अर्धा किलोमीटर आधीच माहिती पाहिजे. कर्वे रोडवर नळ स्टॉपला लॉ कॉलेज रोडकडे वळायचं असेल तर पुलावर चढायचंच नाही, खालूनच जायचं, चढलात की वळण गेलं.

उतार आणि चढ, इथे घाई नाही

साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. दिसायला तो फार वाटत नाही, रस्ता रुंद आहे, गाडी आपोआप पळायला लागते, आणि तिथेच वर्षानुवर्षं वाईट अपघात झालेत, बऱ्याच वेळा ब्रेक न लागलेल्या ट्रकमुळे. माणसं गेलीत तिथे. त्यामुळे बोगद्यातून निघाल्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घ्या, इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून वापरा, सतत दाबून ठेवलात तर तापून लागेनासा होतो. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलवर तर कधीच सोडू नका, त्याने वाचत काही नाही आणि गाडी हातातून जाते. मागच्या आरशात लक्ष असू द्या, अवजड गाडी जवळ येतेय असं वाटलं तर डावीकडे होऊन तिला जाऊ द्या. वेगमर्यादेचे बोर्ड आणि कॅमेरे आहेत तिथे, ते मनापासून पाळायचे.

शहराच्या आत पण चढ खूप आहेत. कोथरूडवरून चांदणी चौकाकडे जाताना, सहकारनगरच्या आतल्या गल्ल्या, बिबवेवाडीचा अप्पर इंदिरानगरचा भाग, कोंढवा, एनआयबीएम. सपाट गावातून आलेल्या माणसाची पंचाईत होते ती चढावर सिग्नल लागला की. मागे दुचाकीवाले अगदी बंपरला चिकटून उभे राहतात, गाडी वीतभर मागे आली तरी लागेल. तेव्हा असं करा: थांबल्या थांबल्या हँडब्रेक पूर्ण ओढा आणि ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी हलत नाही ना बघा. सिग्नल सुटायच्या आधी पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडत या, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथेच पाय धरून ठेवा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक खाली करा. गाडी पुढेच जाणार. मागून हॉर्न वाजवत असतील तर वाजवू द्या. येण्याआधी आपल्या गावात एखाद्या पुलाच्या चढावर चारपाच वेळा हे करून बघितलंत तर इथे हात थरथरणार नाहीत.

पेठांमधले वनवे

पेठेत शिरणार असाल तर चार-पाच वनवे पाठ करा, त्यावर सगळं चालतं. शिवाजी रोड शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातो, बाजीराव रोड त्याच्या उलटा, म्हणजे पूरम चौकाकडून शनिवारवाड्याकडे. लक्ष्मी रोड कॅम्पच्या बाजूने अलका चौकाकडे. नदीच्या पलीकडे जंगली महाराज रोड शिवाजीनगरकडून डेक्कनला येतो आणि फर्ग्युसन रोड डेक्कनवरून परत शिवाजीनगरकडे नेतो. म्हणजे दगडूशेठला शिवाजी रोडने येताना पुढे निघून गेलात तर मागे वळायची धडपड करायची नाही, सरळ पुढे जाऊन टिळक रोडला लागायचं, पूरम चौकातून बाजीराव रोड धरून परत वर यायचं. मेट्रोची, पुलांची, ड्रेनेजची कामं निघतात तेव्हा पोलिस हे बदलतात, त्यामुळे चौकातला बोर्ड शेवटचा मानायचा.

मॅप पेठेत गल्ल्या सुचवतो त्या ऐकू नका. दोन मिनिटं वाचतात म्हणून तो जिथे घालतो तिथे दोन्हीकडे गाड्या लावलेल्या असतात आणि समोरून भाजीची हातगाडी आली की कोणीतरी एकाने मागे जायचं असतं. मॅप कारच्या मोडवर आहे ना हे पण बघा, बाईकवर राहिला तर भलतीकडेच नेईल.

पत्ता विचारायचा तर बिनधास्त विचारा, पण रिक्षावाल्या दादांना किंवा टपरीवाल्या काकांना, आणि खूण सांगून. पेठेत खुणा म्हणजे देवळं आणि पार. पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, नागनाथ पार, शनिपार, ही नावं सगळ्यांना तोंडपाठ. बोर्डावरचं अधिकृत नाव वेगळं असू शकतं, अलका चौकाला लोकमान्य टिळक चौक लिहिलेलं असेल, डेक्कनला खंडोजीबाबा चौक, स्वारगेटला जेधे चौक. दोन्ही नावं लिहून ठेवलीत तर बोर्ड वाचताना आणि विचारताना, दोन्हीकडे उपयोग होतो. आणि "दादा, पूल ओलांडायचा का?" हा प्रश्न नक्की विचारा, त्याच्या उत्तरावरून लगेच कळतं आपण बरोबर बाजूला आहोत का नाही.

पार्किंग, आणि खरं तर गाडी लांबच लावा

बऱ्याच रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. एका बाजूला पी१ (विषम), दुसऱ्या बाजूला पी२ (सम), म्हणजे आजची तारीख सम का विषम बघून त्या बाजूला लावायची. रात्री लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला ठरते हे बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही आणि मग चाकाला जॅमर. मंडईला आर्यन आणि मिनर्व्हा पार्किंग आहे पण सणासुदीला, रविवारी तिथे जागा मिळेल याच्या भरवशावर जाऊ नका.

त्यापेक्षा पेठेत आणि तुळशीबागेत मेट्रोनेच जा, मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतो. एक लाइन वनाझ ते रामवाडी, दुसरी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला बदलता येते. स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे आणि मंडई स्टेशनवरून वर आलात की तुळशीबाग, दगडूशेठ सगळं पायी. गाडी जिथे उतरलाय तिथेच राहू दे, बरोबर म्हातारी माणसं असतील तर फक्त सोडायला-आणायला काढा.

पाऊस आणि सण

खडकवासल्यातून पाणी सोडलं की सगळ्यात आधी डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता पण बंद होतो, आणि तिथली सगळी वाहतूक वरच्या पुलांवर येते. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर सकाळी बातम्यांमध्ये विसर्ग वाढवलाय का एवढं बघून घ्या. नदीपात्रात गाडी लावून जाऊ नका, पाणी फार पटकन चढतं.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड मिरवणुकीचे, मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेकडे गाडी न्यायचीच नाही, आणि माउलींची पालखी सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाट गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी सासवडला जायचंच असेल तर ते एक दिवस पुढे ढकला.

सिंहगड

आलात म्हणजे गडावर जाणारच. गड १३१२ मीटर उंच, गाडी वरपर्यंत जाते, गोळेवाडीच्या नाक्यावर वनखात्याची पावती घ्यायची. घाट अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्या, आणि चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची हा नियम उतरताना लक्षात ठेवा. जोराच्या पावसात दरड येते, तेव्हा रस्ता चालू आहे का विचारूनच निघा. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस-भजी खाणाऱ्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागतात आणि धरणापासून लांबवर रांग लागते, म्हणून सकाळी सातच्या आत गडाच्या पायथ्याचं डोणजे गाठा. परतताना सिंहगड रोड तुंबलेला दिसला तर घाट उतरताना कोंढणपूर फाट्याला वळा, खेड शिवापूरला निघाल आणि तिथून सातारा रस्त्याने पुण्यात याल, अंतर वाढतं पण गाडी चालत राहते.